पुरात विचारायचं नसतं

आमच्या सोसायटीच्या गेटावर एक निळी पाटी आहे. 'अनोळखी व्यक्तींनी परवानगीशिवाय आत येऊ नये.' पावसानं तिचे कोपरे गंजलेत, एक खिळा निखळलाय, तरी ती आहे. तिच्याकडे लक्ष गेलं की माझं डोकं फिरतं. मध्यंतरी रंगकाम निघालं तेव्हा मी सरळ म्हटलं, ती पाटी काढून टाका. तर कमिटीतले एक जण हसत म्हणाले, "मॅडम, पाटीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

काय मारलंय ते त्यांना दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं. आता सांगते.

मी मूळची उमेळ्याची. लग्न होऊन लांब गेले असंही नाही. वसई रोड स्टेशनकडून उमेळ्याकडे येताना गावाच्या अलीकडे ज्या बिल्डिंगा लागतात त्यांतल्या एकीत आम्ही राहतो. माझ्या लहानपणी इथे खाजण होतं, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात लावायचं अशी जमीन. हळूहळू ती विकली गेली, भराव पडला आणि त्यावर चार मजली इमारती आल्या. नवरा साताऱ्याकडचा, नोकरी मुंबईत. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून आम्ही तळमजला घेतला. माझं माहेर गॅलरीतून दिसायचं. मधे शेतं, पलीकडे केळीच्या वाड्या आणि त्यामागे आमच्या घराची कौलं. आई-बाबा दोघंही गेल्यावर माहेर म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा आमच्या बिल्डिंगचं नाव कधीच घ्यायचा नाही. 'खाजणातली बिल्डिंग' म्हणायचा. पत्ता म्हणून त्याला तेवढं पुरत होतं.

२००५ च्या जुलैमधल्या त्या पावसाबद्दल मुंबईचे लोक अजून बोलतात. कोण कुठे अडकलं, कोण किती चाललं. वसईत काय झालं ते फारसं कोणी विचारत नाही. आमच्याकडे पाणी काही धो धो करत आलं नाही. दुपारी मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. फडकं कोंबलं, त्यावर वीट ठेवली. तासाभरानं ती वीट पाण्याखाली. वरून पाऊस आणि खाडीला भरती, त्यामुळे पाण्याला जायला वाटच नव्हती. शाळेतून मुलीला घेऊन आले होते हे नशीब. नवरा मुंबईत, फोन बंद, वीज गेलेली. जेवढं जमलं तेवढं सामान मी ओट्यावर आणि माळ्यावर चढवलं आणि सासूबाईंना दोन माणसांच्या आधारानं तिसऱ्या मजल्यावर नेलं.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे चेअरमन राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, पुण्याकडचे गृहस्थ. त्यांच्याबद्दल मला जे सांगायचंय ते पुढे येईलच, पण हे आधी सांगायला हवं की तळमजल्याच्या आम्हा सगळ्यांना त्यांनी दार उघडं टाकलं. त्यांच्या बायकोनं मेणबत्तीच्या उजेडात पिठलं-भात केला आणि माझ्या सासूबाईंना स्वतःचा पलंग दिला. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर चिडायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाणी तिथंच. ना वर, ना खाली. आणि माणसाला काही करता येईनासं झालं की तो ऐकायला लागतो. पहिल्यांदा बातमी आली की पूर्वेला एव्हरशाईन सिटीकडे दुकानं फोडली. कोणी पाहिलं? कोणाच्या तरी साडूच्या शेजाऱ्यानं. मग कळलं, होड्या घेऊन टोळ्या फिरतायत, तळमजल्याची घरं साफ करतायत. त्यानंतर टोळ्यांच्या हातात कोयते आले. संध्याकाळपर्यंत त्या टोळ्या 'गाववाल्यांच्या' झाल्या. हे सगळं जिन्यात उभं राहून, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात, माझ्या डोळ्यांदेखत झालं. पुढे पूर्वेच्या ओळखीच्या बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "छे, आमच्याकडे तर सगळे म्हणत होते की तुमच्याकडे लुटतायत." असा तो कारभार. ध चा मा व्हायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं, इथे मुळात ध सुद्धा नव्हता.

चेअरमननी लगेच सुरक्षा दल काढलं. पोलिसांना फोन लागत नव्हता, तेव्हा आपलं आपणच बघायला हवं, हे त्यांचं म्हणणं अगदी चूक होतं असं नाही. चार वयस्क, सहा तरुण. हत्यारं काय, तर क्रिकेटचे स्टंप, पडद्याचे रॉड, एकाकडे बॅडमिंटनची रॅकेट. जिन्याच्या पहिल्या वळणावर चौकी. शिट्टी चेअरमनच्या गळ्यात. "गाववाले" हा शब्द तिथे सारखा बोलला जात होता आणि मी त्यांच्यात उभी होते. शेवटी मी म्हटलं, "मी पण गाववालीच आहे."

"अहो वहिनी, तुमचं वेगळं," चेअरमन म्हणाले. "तुम्ही आमच्यातल्या."

त्यांना वाटलं त्यांनी माझं कौतुक केलं.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पाणी नवीन नाही. पावसाळ्यात मोठी भरती आली, बांध फुटला की सखल भागातल्या घरांत पाणी शिरायचंच. अशा वेळी ज्यांच्या घराचं जोतं उंच, त्यांच्याकडची माणसं निघायची आणि नात्यातल्या, भावकीतल्या सखल घरांत शिरून सामान उचलायची. आधी चूल नि भांडी, मग तांदूळ, मग कोंबड्या, मग ट्रंका. घरातल्या कोणाला सांगायचं नाही, विचारायचं तर नाहीच. घरात कोणी असो नसो. दाराला कडी असली तर काढायची, कुलूप असलं तर तोडायचं. पाणी ओसरलं की ज्याचं त्याचं पोचतं व्हायचं. एखादं झाकण चुकून राहिलं तरी दुसऱ्या दिवशी ते झाकण घेऊन माणूस दारात हजर. कोणी आभार मानत नसे. मी लहान असताना भुईगावकडची एक नवी सून आमच्या आळीत आली होती. तिच्या पहिल्याच पावसाळ्यात लोक घरात शिरून भांडी उचलायला लागले, तर ती ओरडली, "कोन तुमी? कोनाला इचारून नेता?" त्या बाईला नातवंडं झाली तरी गाव तिला चिडवायचं थांबलं नाही. कोणी तिच्याकडे उसनी साखर मागायला गेलं तरी आधी म्हणायचं, "कोनाला इचारून नेऊ, वयनी?" पुरात विचारायचं नसतं, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. विचारणं म्हणजे तू माझा नाहीस असं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तेव्हा दादा आला. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हलवण्यात आधीचा दिवस गेला होता. ओढ कमी झाल्यावर तो आणि आमचा एक चुलतभाऊ केळीच्या खांबांचा तराफा घेऊन शेतांतून सरळ बिल्डिंगच्या मागे आले. अंगात बनियन, खाली चड्डी, कमरेला कोयता, तराफ्यावर पहार. वरून पाऊस. बहिणीचं घर पाण्यात, बहीण दिसत नाही, म्हणजे वर कुठेतरी सुखरूप असणार, तोवर सामान काढू. इतका साधा त्याचा हिशेब. त्यानं गॅलरीच्या जाळीचं कुलूप पहारीनं उचकटलं आणि रीतीप्रमाणे काढायला लागला. सिलिंडर, तांदळाचा डबा, मिक्सर, आईनं दिलेलं पितळेचं मोठं पातेलं, माझी ट्रंक. हे सगळं तराफ्यावर लागलं. मग तो टीव्ही आणायला आत गेला.

आणि टीव्ही डोक्यावर घेऊन बाहेर आला तेव्हा शिट्टी वाजली.

मी वर चहाचं आधण ठेवत होते. खालून "चोर, चोर" ऐकू आलं तेव्हा, खरं सांगते, मीही घाबरले. खिडकीतून वाकून बघितलं तर सुरक्षा दल छाती काढून पाण्यात उतरलेलं आणि मधोमध डोक्यावर टीव्ही धरलेला एक माणूस. चेअरमन ओरडत होते, "खाली ठेव! आधी हातातलं खाली ठेव!" कमरेएवढ्या पाण्यात टीव्ही खाली कुठे ठेवायचा, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. चुलतभाऊ कोणाला तरी बोलवायला शेतांकडे पळाला, आणि त्याचं पळणं म्हणजे सगळ्यांना पुरावाच मिळाला. तेवढ्यात त्या माणसानं तोंड वर केलं. मी आधण तसंच टाकून जिन्याकडे धावले.

जिना उतरायला किती वेळ लागतो? तेवढ्यात काय काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्यांनी त्याला विचारलं, कोण तू? तो म्हणाला, "बायचं सामान हाय. घरी नेताव." आमच्याकडे बहिणीला बाय म्हणतात. कुठे राहते तुझी बहीण? "ही काय, हितंच." फ्लॅट नंबर सांग. आता दादाला फ्लॅट नंबर कशाला ठाऊक असेल? इतकी वर्षं तो चिंचेच्या बाजूचं घर म्हणून येत होता. बरं, आडनाव काय तुझं? त्यानं आमचं आडनाव सांगितलं. चेअरमननी दारावरची पाटी बघितली, तिच्यावर माझ्या नवऱ्याचं आडनाव. "आडनाव जुळत नाही!" लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, हे तिथे उभ्या असलेल्या दहा लग्नाळू आणि लग्न झालेल्या पुरुषांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. कोयता बघून एकाचा हात सुटला. स्टंप दादाच्या भुवईवर बसला.

मी खाली पोचले तेव्हा तो आमच्या जिन्याच्या पायरीवर बसला होता. हात नायलॉनच्या दोरीनं बांधलेले. माझीच दोरी, गॅलरीतली, कपडे वाळत घालायची. भुवईतून रक्त गालावर येत होतं आणि पाऊस ते धुऊन नेत होता. टीव्ही मात्र त्यानं फोडला नव्हता. बाजूच्या मीटरच्या कट्ट्यावर नीट ठेवला होता.

"सोडा त्याला," मी ओरडले. "तो माझा भाऊ आहे!"

"वहिनी, तुम्ही घाबरलात. वर जा बघू," चेअरमन म्हणाले. अगदी मायेनं. "असले लोक भाऊ म्हणूनच शिरतात."

"अहो, भाऊ आहे सख्खा! भाऊबीजेला येतो की दरवर्षी!"

दादा भाऊबीजेला यायचा तेव्हा पँट-शर्ट घालून, भांग पाडून यायचा. त्या पँट-शर्टाला जिन्यात सगळ्यांनी बघितलं होतं. या बनियनला कोणी बघितलं नव्हतं.

"बरं," चेअरमन म्हणाले, "मला एवढंच सांगा. तुम्ही त्याला बोलावलं होतं?"

"फोन बंद आहेत, बोलावणार कसं?"

"म्हणजे नाही. सामान न्यायला सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही, पण आमच्याकडे—"

"बघा!" ते इतरांकडे वळले. "त्या स्वतःच म्हणतायत."

त्या वेळी माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यातलं फक्त 'नाही' तेवढं त्यांनी घेतलं. आणि ते 'नाही' दादानंही ऐकलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी खरं बोलले होते, दुसरं काय बोलणार होते? प्रश्नच असा होता की खरं उत्तर दिलं तर भाऊ चोर ठरत होता. इतक्या वर्षांनीसुद्धा मी भांडी घासताना त्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं देत असते. कधी चेअरमनना फाडफाड बोलते, कधी शिट्टी ओढून पाण्यात फेकते. त्या वेळी मात्र मी नुसती गावाची रीत समजावत होते, आणि माझं कोणी ऐकत नव्हतं. गाढवापुढे वाचली गीता.

शेवटी सुटका केली माझ्या सासूबाईंनी. गुडघ्यांमुळे त्या खाली येऊ शकत नव्हत्या. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांनी आवाज दिला, साताऱ्याच्या खणखणीत मराठीत, "अहो साहेब, काय चाललंय काय? सुनेचा भाऊ आहे तो आमच्या! दोरी सोडा आधी त्याची!" आणि दोरी सुटली. लगेच. माझा सख्खा भाऊ माझ्या शब्दावर सुटला नाही, माझ्या सासूच्या शब्दावर सुटला. मी गाववाली. मी आपल्या माणसाची बाजू घेणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. आदल्या दिवशी मी 'आमच्यातली' होते, ती चोवीस तासही टिकले नाही.

मग एकच गडबड. "अरे, सॉरी हं, गैरसमज झाला." "काळच तसा आहे." "हळद आणा कोणीतरी." चेअरमननी स्वतःचा रुमाल पुढे केला. दादानं तो घेतला नाही. तो उठला आणि टीव्ही उचलून माझ्या स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर जिथून उचलला होता तिथंच त्यानं तो परत ठेवला. मोडलेलं कुलूप जाळीला अडकवलं. मग तराफ्याकडे बघितलं तर तराफा नव्हता. सगळे चोराभोवती जमले होते, तेव्हा तो सुटून मागच्या भिंतीकडे कुठेतरी गेला होता, सिलिंडर, तांदूळ, पातेलं, ट्रंक सगळं घेऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर नव्हताच.

मी म्हटलं, "दादा, वर चल. चहा घे. जखम धुऊ."

"नको."

"दादा—"

"बाय, तू बरी हायस ना? पोरगी बरी हाय?"

मी मान हलवली. तो वळला आणि छातीएवढ्या पाण्यातून शेतांकडे चालायला लागला. कमरेचा कोयता सुरक्षा दलाकडेच राहिला. तो मागायलाही तो थांबला नाही.

नवरा त्या संध्याकाळी आला. वाटेत लोकांनी त्याला बिस्किटं दिली होती, अनोळखी बायकांनी घरात घेऊन चहा पाजला होता, ते तो सांगत होता. मग मी माझं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दमलेला होता बिचारा, आणि म्हणाला, "वाईट झालं. पण त्यांनीही जरा सांगून यायला हवं होतं."

मी त्याच्याशी किती दिवस बोलले नाही ते तोच सांगू शकेल. चेअरमन परके, त्यांचं एक वेळ समजू शकते. ज्याच्या घरी मी दहा वर्षं भाकऱ्या थापल्या, त्यालाही तेच सुचावं? रागापेक्षा मला थकवा आला. जे मला श्वासाइतकं सोपं होतं ते मला प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगावं लागत होतं, आणि समजावून सांगितल्यावर ते खोटंच वाटत होतं.

पाणी ओसरलं. चिखल, वास, फुगलेली दारं. भिजलेल्या गाद्या गच्चीवर टाकल्या. आठवडाभरानं मी चेअरमनच्या घरी त्यांच्या चादरी धुऊन परत द्यायला गेले, तर त्यांच्या ओट्यावर माझ्या आईचं पातेलं. त्यात भाजी निवडून ठेवलेली.

"हे कुठनं आलं?" मी विचारलं.

"ते होय?" त्यांची बायको अगदी सहज म्हणाली. "अहो, त्या दिवशी मागच्या भिंतीला एक तराफा अडकला होता. त्यावर हे होतं, मिक्सर होता, काय काय होतं. आमच्या ह्यांनी आणि मुलांनी पटापटा काढून घेतलं. नाहीतर वाहून गेलं असतं खाडीत."

"पण कोणाचं आहे, विचारलं नाहीत?"

"अगंबाई, पुरात कोणाला विचारत बसणार?"

ती बाई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की हे चांगलं काम झालं, आणि ते चांगलंच होतं. माझ्या दादानंही तेच केलं होतं. फरक एवढाच की त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

मी पातेलं उपडं केलं. भाजी त्यांच्या ओट्यावर पडली. बुडाशी ठोक्याठोक्यांनी आईचं नाव घातलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. ते मी त्यांना दाखवलं. त्या ओशाळल्या. "बाई गं, चष्मा कुठे होता मला त्या गडबडीत," म्हणाल्या, आणि मिक्सरही काढून दिला. ट्रंक कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं. मी पातेलं घेऊन जिना उतरले आणि रिकाम्या घरात, चिखलाच्या वासात, त्या पातेल्याला धरून मनसोक्त रडले. मग घासायला घेतलं.

चेअरमन वाईट माणूस नव्हते, हे मी पुन्हा सांगते, कारण माझी खरी अडचण तीच आहे. त्यांना झाल्या गोष्टीची टोचणी लागली होती. गणपतीत त्यांनी टूम काढली की माझ्या भावाला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं. वरातीमागून घोडं. मी निरोप घेऊन माहेरी गेले. दादा ओटीवर सुतळी वळत बसला होता. भुवईवर टाक्यांची रेघ उमटली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नारल आमचे वाडीत खूप हायत." आणि पुन्हा सुतळी वळायला लागला. वहिनीनं मला जेवायला वाढलं, बोंबील तळले, लेकीसाठी केळी बांधून दिली. आत-बाहेर सगळं नेहमीसारखं होतं. फक्त दादा मला पोचवायला बांधापर्यंत यायचा, तो त्या दिवशी आला नाही.

शाल-श्रीफळाचं बारगळलं तेव्हा कमिटीनं दुसरं काहीतरी करायला हवं म्हणून केलं. मागची भिंत उंच केली, तिच्यावर काचा लावल्या, वॉचमन ठेवला, घरोघरी इंटरकॉम बसवला आणि ती निळी पाटी लावली. 'असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून.' मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले. माझा हात खाली होता, पण मोजायची गरजच पडली नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला इंटरकॉम वाजला. "मॅडम, एक माणूस उभा आहे. आत यायला सांगितलं तर येत नाही. पाठवू का?" मी ओळखलं. मी ताट घेतलं, लेकीच्या हाती पाट दिला, निरांजन लावलं, पदरानं झाकत गेटावर गेले. दादा रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभा होता, पँट-शर्टात, भांग पाडून. मी रस्त्यावर पाट मांडला. येणारी-जाणारी माणसं बघत होती, रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी टिळा लावला. बोट त्या रेघेच्या अगदी वर टेकलं. त्यानं ओवाळणी घातली, लेकीच्या हातात खाऊ दिला. मी त्याला आत चल म्हटलं नाही, तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. मनात मात्र धरून होते की राग आहे, आज ना उद्या जाईल. भावाबहिणींत राग किती दिवस राहतो?

पुढल्या वर्षी पाऊस पुन्हा असाच कोसळला. आधीच्यासारखा नाही, पण तळमजल्याला पुरेसा. मोरीतून बुडबुडे आले. या वेळी फोन चालू होते, नवरा घरी होता, सासूबाई आधीच वर नेऊन बसवल्या होत्या. मी मात्र वर गेले नाही. मी गॅलरीत उभी राहिले. मला माहीत होतं तो येणार. पाणी आणि माझं घर, दोन्ही एकदम दिसल्यावर तो घरात बसूच शकणार नाही. आणि एकदा तो आला, कुलूप तोडून आत शिरला, टीव्ही उचलला की झालं, सगळं पहिल्यासारखं होईल. मी तर जाळीला कुलूपच लावलं नव्हतं.

तो आला. गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर पोतं घेऊन, शेताच्या बाजूनं. मागची भिंत उंच झाली होती, म्हणून तो वळसा घालून गेटाकडे गेला. वॉचमन कुठेतरी आडोशाला होता. गेट सताड उघडं होतं. दादा पाटीपाशी थांबला. मी गॅलरीतून घरातून पुढे जिन्यापाशी आले. तिथून मी त्याला दिसत होते, तो मला. मी हात केला, ये म्हणून.

तो आत आला नाही. पावसाच्या आवाजावर आवाज चढवून त्यानं तिथूनच हाक मारली.

"बाय! सामान काढू काय? इचारायला आलू!"

मी "काढ" म्हटलं. मग तो आत आला आणि त्यानं सगळं नीट काढलं, सिलिंडरपासून टीव्हीपर्यंत, एकेक वस्तू उचलताना माझ्याकडे बघत. प्रत्येक वेळी मी मान हलवत होते.